खु. आणि बु. यांची कुळकथा

कुणाला 'आणी' खटकतो, कुणाला 'शुभेच्छ्या'. मला टिंब खाल्लेला 'बु' खटकतो. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात धनज बुद्रुक नावाचे गाव आहे. लिहिणारे त्याचे कधी 'धनज बु' करतात, कधी 'धनज बू'. इंग्रजीत अशा गावांपुढे 'बीके' ही अक्षरे येतात. ती आता मराठीत परत येऊ लागली आहेत, आणि काही नकाशांवर बुद्रुकची गावे 'बीके' होऊन बसली आहेत. एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकाची आद्याक्षरे वाटावीत तशी.

बुद्रुक म्हणजे मुळात फारसीतला बुजुर्ग, थोर किंवा मोठा. मराठी जिभेने त्यातल्या ज चा द केला, र ला पुढे ओढले आणि शेवटच्या ग चा क करून टाकला. म्हाताऱ्या माणसाला आपण आजही बुजुर्ग म्हणतो, गावाला मात्र बुद्रुक. त्याचा जोडीदार खुर्द, म्हणजे लहान. चिल्लर नाण्यांचा खुर्दा याच घरातला. उत्तर हिंदुस्थानात खुर्दच्या जोडीला बहुधा 'कलां' असतो, आपल्याकडे बुद्रुक. कुठे कुठे तिसराही भिडू भेटतो. बागलाणात तळवाडे दिगर आहे. दिगर म्हणजे दुसरा, इतर.

या जोडीची गरज लागली ती महसुलाला. एका नावाचे गाव वाढते, त्यातली काही घरे ओढ्यापलीकडे जाऊन राहतात, तिथे वेगळी पांढरी उभी राहते, आणि नाव मात्र जुनेच चालू राहते. गावकऱ्यांची त्यात काही अडचण नसते, 'वरचं' आणि 'खालचं' म्हणून त्यांचे भागते. अडचण होते ती सारा बसवणाऱ्याची. दोन गावांचा वसूल दोन ठिकाणी मांडायचा तर नावेही दोन हवीत. दप्तराची भाषा फारसी होती, म्हणून थोरल्याला बुद्रुक आणि धाकट्याला खुर्द अशी फारसी शेपटी लागली. ही थोरली-धाकटी वाटणी त्या काळची. पुढे कित्येक ठिकाणी खुर्द फुगला आणि बुद्रुक मागे राहिला, पण शेपटी कुणी बदलली नाही.

वऱ्हाडात ही फारसी खोल मुरली. बहमनी, इमादशाही, निजामशाही, मोगल, मग हैदराबादचा निजाम. आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये वाशिमचे नाव आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारच्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. गावांच्या शेपट्यांवर मात्र फारसीच टिकली. वाशिम जिल्ह्यात वेगळेपणा दाखवण्याच्या इतरही तऱ्हा आहेत. कारंजा (लाड) आणि शिरपूर (जैन) यांत समाजाचे नाव, मालेगाव (जहाँगीर) मध्ये जहागिरीची खूण. ही नावे कुणी फारशी तोडत नाही. तोडली जाते ती नेमकी खुर्द-बुद्रुकचीच जोडी, कारण ती गावोगावी आहे आणि रोज लिहावी लागते.

शब्द तोडण्याची सवय मोडी लिहिणाऱ्यांचीच. बोरू न उचलता भरभर लिहायचे, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, विरामचिन्हे नाहीत. मग नेहमीच्या शब्दाचे पहिले अक्षर लिहून पुढे दोन उभ्या रेघा मारायच्या, म्हणजे 'मु॥' झाला मुक्काम. वाचणारा त्याच धंद्यातला, त्याला तेवढी खूण पुरे. आपल्या विरामचिन्हांचे श्रेय मेजर टॉमस कँडी यांना देतात. त्यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका 1850 ची. छापखान्याबरोबर इंग्रजी पूर्णविराम मराठीत रुजला आणि दोन रेघांची जागा एका टिंबाने घेतली. हिंदीने संक्षेपासाठी लहान वर्तुळ ठेवले, मराठीने टिंब. मु. पो., ता., जि. हे सगळे त्याच टिंबाचे आश्रित.

वऱ्हाड 1853 मध्ये इंग्रजांच्या कारभारात आले. इंग्रजी कागदांवर बुद्रुकचा 'बीके' झाला, पण खुर्दचे एकमत कधीच झाले नाही. कुठे 'केएच', कुठे 'केडी'.

आता शुद्धलेखन. साहित्य महामंडळाचे नियम शासनाने 1962 मध्ये स्वीकारले, 1972 मध्ये त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. त्यांप्रमाणे जोडाक्षराआधीचा उकार सहसा ऱ्हस्व, म्हणून 'खूर्द' चूक. अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार-उकार दीर्घ, म्हणून खरे तर 'बुद्रूक' व्हायला हवे. पण रूढी बुद्रुकची आहे आणि मी रूढीच्या बाजूने. (याच नियमाने वाशीम लिहायचे, आणि शासन लिहिते वाशिम. तिथे नियमवाले आणि शासन आपसात काय ते पाहून घेवोत.) 'बू' लिहिणारे बहुधा 'तू' आणि 'जू' यांच्या चालीवर जातात. पण तू हा पूर्ण शब्द आहे, बु. हा तोडलेला. तोडलेल्याचा उकार मूळ शब्दात जसा तसाच राहणार. आणि तो तोडलेला आहे हे सांगायला टिंबाशिवाय दुसरे काहीच नाही.

जनगणनेने 2011 मध्ये प्रत्येक गावाला सहा आकडी संकेतांक दिला, त्यामुळे संगणकाचा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो माणसांचा. खुर्द आणि बुद्रुक शेजारी-शेजारी असली की पिनकोड बहुतेक वेळा एकच, तालुका एक, आडनावेसुद्धा तीच. पाकिटावर, फेरफाराच्या अर्जावर किंवा पीकविम्याच्या कागदावर दोन गावांना वेगळे ठेवणारे तेवढे एक अक्षर असते. तेव्हा रकान्यात जागा असेल तर खुर्द किंवा बुद्रुक सरळ पूर्ण लिहा. नसेल तर खु., बु. लिहा, ऱ्हस्व लिहा आणि पुढे टिंब द्या. 'बीके' मात्र कुठेच नको.