उडत्या तबकड्या

मराठीत 'तबकडी' हा एकच शब्द दोन कामं भागवतो. एक तबकडी ग्रामोफोनची आणि दुसरी परग्रहावरून येणारी. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय संगीतकारांनी या दोन्ही एकच करून टाकल्या. या वीकांताला त्यांचा इतिहास लिहायला बसलोय, आणि त्यात लताबाईही येणार आहेत. त्या कुठून आल्या ते पुढे कळेलच.

सन रा नावाचा जॅझवाला आपण शनी ग्रहावरून आलोय असं सरळ सांगायचा. 1973 साली त्याचा 'स्पेस इज द प्लेस' आला. 1975 मध्ये जॉर्ज क्लिंटनच्या पार्लमेंट या बँडने 'मदरशिप कनेक्शन' काढला आणि पुढच्या वर्षीपासून कार्यक्रमात स्टेजवर चक्क अंतराळयान उतरवायला सुरुवात केली. वरवर पोरखेळच. पण चंद्रावर गेलेले सगळे अंतराळवीर गोरे होते, हे लक्षात घ्या. कृष्णवर्णीय माणूस जिथे असेल असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही तिथे त्याला बसवायचं, असा क्लिंटनचा त्यामागे हिशोब होता.

पुढे डिस्कोची लाट आली आणि गेली, आणि या तबकड्या जुन्या बाजारात जाऊन पडल्या. तिथून त्या उचलल्या हिपहॉपवाल्या पोरांनी. 1987 मध्ये आलेल्या एसपी-1200 या सॅम्पलर यंत्रात जेमतेम 10 सेकंदांचा आवाज मावायचा. मग पोरांनी युक्ती काढली. 33च्या वेगाची तबकडी 45वर वाजवून भरायची आणि यंत्रात पुन्हा हळू करायची. कमी मेमरीत जास्त माल! त्यातून आवाजाला जी खरखर आली तीच पुढे लोकांना आवडायला लागली. (बग नाही, फीचर आहे!) डॉ. ड्रेने 1992 मध्ये 'लेट मी राइड'साठी क्लिंटनची मदरशिप उतरवली. 'कॉस्मिक फंक' काढणाऱ्या लॉनी लिस्टन स्मिथच्या पियानोवर जे-झीचं 1996चं 'डेड प्रेसिडेंट्स' उभं आहे.

पैसा दिसू लागला तसे वकील आले. 1991च्या एका निकालात न्यायाधीशांनी बायबलमधल्या चोरीबद्दलच्या आज्ञेनेच सुरुवात केली. 2005 मध्ये दुसऱ्या एका न्यायालयाने निकाल दिला की परवाना घ्या, नाहीतर सॅम्पल करू नका. भांडण होतं दोनेक सेकंदांच्या गिटारच्या तुकड्यावरून, आणि तो तुकडा क्लिंटनच्याच दुसऱ्या बँडचा, फंकाडेलिकचा. पण खटला लढवत होती ब्रिजपोर्ट ही हक्क बाळगणारी कंपनी. वाजवणारे एकीकडे, मालक दुसरीकडे.

आता लताबाई. 2002 मध्ये ट्रूथ हर्ट्स या गायिकेचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' अमेरिकेत पहिल्या दहात पोचलं. त्यात मागे लता मंगेशकर गातायत, 1981च्या 'ज्योती'मधलं 'थोडा रेशम लगता है'. निर्माता डीजे क्विकने सांगितलेली हकीकत अशी की सकाळी दात घासताना टीव्हीवर हे गाणं लागलं, पाय थिरकले, आणि त्याने ते सरळ व्हीसीआरवर भरून घेतलं. ना परवानगी, ना नाव. सारेगामाने 50 कोटी डॉलरहून जास्त भरपाई मागितली. संगीतकार बप्पी लाहिरीही कोर्टात गेले. लाहिरींचं नाव छापल्याशिवाय सीडी विकायची नाही असा अंतरिम हुकूमही निघाला. पण पुढे त्याच न्यायालयाने ठरवलं की गाणं चित्रपटासाठी निर्मात्याला करून दिलेलं, तेव्हा लाहिरींकडे हक्कच उरलेला नाही! 1960च्या दशकात गायकांना रॉयल्टी हवी म्हणून याच लताबाईंचं रफीसाहेबांशी बिनसलं होतं आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नव्हते. ते भांडण किती मुद्द्याचं होतं हे कळायला लॉस एंजेलिसचं कोर्ट लागलं. आपल्याकडे 2012 मध्ये कायदा बदलला तेव्हा कुठे गीतकार, संगीतकार आणि गायकांना रॉयल्टीचा हक्क पक्का मिळाला.

डीजे क्विकला आपण शिव्या घालाव्यात तर आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. आमच्या वेळापुरात, म्हणजे माळशिरस तालुक्यात, कॅसेटच्या दुकानात यादी देऊन गाणी भरून मिळायची. कव्हरवर बॉलपेनने गाण्याचं नाव, फार तर सिनेमाचं. संगीतकार कोण, तबला कुणाचा, कुण्णीकुण्णी विचारायचं नाही.

माझं मत विचाराल तर सॅम्पलिंग बंद व्हावं असं मुळीच नाही. ते नसतं तर लॉनी लिस्टन स्मिथ विशीतल्या पोरांपर्यंत पोचलाच नसता. आम्ही दिवसभर दुसऱ्यांचा कोड वापरतोच की. ओपन सोर्सच्या बहुतेक परवान्यांत अट साधी असते: कोड घ्या, पण वरच्या नावाच्या ओळी पुसू नका. गाण्यातही निदान एवढं व्हावं. पैशाचं नंतर बघू, असं मात्र म्हणत नाही हं. तेही द्यायला हवेत.

आणि हे जमतं. 1977 मध्ये दोन्ही व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली, तिच्यात गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर साडेतीन मिनिटं भैरवी गातात, 'जात कहाँ हो'. नासाच्या यादीत त्यांचं नाव 'सूरश्री' या किताबासकट आहे. व्हॉयेजर-1 सुटलं 5 सप्टेंबरला, आणि 16 तारखेला केसरबाई गेल्या.

असो. 'मदरशिप कनेक्शन' ऐकलं नसेल तर जरूर ऐका. आणि ऐकताना बासवर बूट्सी कॉलिन्स आहे, एवढं लक्षात ठेवा.