ओलिताचं गणित वाशीमच्या रानात

इंग्रजी अमलात बासीम म्हणून ओळखला जाणारा वाशीमचा मुलूख १९०५पर्यंत स्वतंत्र जिल्हा होता. कापूस-ज्वारीचं वऱ्हाड, सारी भिस्त पावसावर. विहिरीवर मोट चाले, तीही बागाईताच्या तुकड्यापुरती. पाणी कधी द्यायचं, हे माती मुठीत दाबून आणि पानं कोमेजतात का ते पाहून ठरे. त्या अंदाजामागे पिढ्यांची नजर होती. पाण्याचा आकडा तेवढा नव्हता.

आकडे जन्मले कालव्यांच्या प्रदेशात. विसाव्या शतकाच्या आरंभी अभियंते विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत रुजवली. आहे त्या पाण्यात किती क्षेत्र भिजेल, हा तिथला प्रश्न. पिकाची तहान मोजण्याची वाट नंतर सापडली: १९४८ साली इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्रात हॉवर्ड पेनमन यांनी ऊन, वारा, तापमान आणि हवेतला ओलावा एका सूत्रात बांधले.

१९९८मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेनं त्याच वाटेवरची रीत जगभर पोचवली. हिरव्या गवताच्या रानातून रोज किती पाणी उडून जातं ते काढायचं आणि पिकाच्या त्या-त्या अवस्थेच्या गुणांकानं गुणायचं. गवताचा आकडा ४ मिलिमीटर असेल, तर निसवलेल्या गव्हाला १.१५च्या गुणांकानं ४.६ मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी ४६ हजार लिटर रोज लागतात.



पण वाशीमच्या सोयाबीन-तुरीच्या कोरडवाहू रानात नुसती तहान मोजून भागत नाही. पावसातलं किती वाहून गेलं, किती मुरलं, मुळांपाशी किती उरलं, हेही मांडावं लागतं. राज्य सरकारच्या २०१८पासूनच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात वाशीमची गावं आली. त्यासाठी मुंबईच्या आयआयटीनं गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत तयार केली. माथ्यावरची मुरमाड जमीन आणि पैनगंगेकाठची भारी काळी जमीन तीत वेगळी धरली जाते. वाशीमला खरं उपयोगी पडेल ते हे गणित.

ऐन शेंगा भरताना पाऊस दडी मारतो, तेव्हा माथ्यावरचं सोयाबीन आधी वाळू लागतं. अशा वेळी शेततळं कामी येतं. तीस मीटर लांब-रुंद, तीन मीटर खोल, उतरत्या काठांच्या शेततळ्यात सुमारे २१ लाख लिटर पाणी मावतं. ५० मिलिमीटरचं एक संरक्षित ओलीत हेक्टरी पाच लाख लिटर घेतं. तळं भरलेलं असेल तर चार हेक्टरांची एक पाळी निघते. पाझर आणि वाफ वजा केली तर त्याहून कमी. तेच पाणी रब्बीसाठी राखलं, तर चार-पाच पाळ्या मागणाऱ्या गव्हापेक्षा एक-दोन पाळ्यांवर येणारा हरभरा जास्त रानात घेता येतो.