मातीचे किल्ले आणि दगडाचे किल्ले

दिवाळीच्या सुमारास साताऱ्याच्या पेठांतून किंवा सांगलीच्या गल्ल्यांतून फिरणाऱ्यास अंगणाअंगणांत मातीचे किल्ले उठलेले दिसतात. मुलें दगडविटांवर पोतीं पसरून चिखल लिंपतात, बुरूज काढतात, हळीव पेरून डोंगर हिरवा करतात, मावळे उभे करतात, आणि सर्व आटोपल्यावर एखादी वाटी पुरून तळें करतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील दुर्गप्रकरण वाचल्यापासून आमची दृष्टि आधीं त्या वाटीकडे जाते. मुलें जें शेवटीं करतात, तें अमात्यांनीं पहिल्यानें सांगितलें आहे.

१७१६ च्या सुमाराच्या या ग्रंथांत पाणी पाहून मग गड बांधावा असा दंडक आहे. पाणी नाहीं आणि जागा तर सोडवत नाहीं, अशा वेळीं आधीं खडक फोडून पुढील पावसाळ्यापर्यंत पुरतील अशीं टाकीं खोदावींत. झरा आहे म्हणून निश्चिंत राहूं नये. झुंजाच्या वेळीं तोफांच्या आवाजानें झरे आटतात, सबब राखीव पाणी निराळें असावें. हें कारण आजच्या भूगर्भशास्त्रज्ञांस कितपत पटेल तें असो. वेढ्यांत कोंडलेल्या माणसाची धास्ती त्यांत पुरेपूर उतरली आहे. अमात्यांच्या पिढीनें ती भोगलीहि होती. डिसेंबर १६९९ पासून एप्रिल १७०० पर्यंत खुद्द औरंगजेब साताऱ्याच्या पायथ्याशीं तळ देऊन होता. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनीं गड झुंजविला. सुरुंगानें उडालेला तट मोंगलांच्याच अंगावर कोसळला. तरी अखेरीस गड द्यावा लागला.

शोभेसाठीं म्हणून अमात्य कांहींच मागत नाहींत, आणि तरी त्यांचा गड देखणा होतो. गडावर आंबे, वड, फुलझाडें लावावींत, असलेलीं राखावींत. प्रसंग पडला म्हणजे तेंच लांकूड कामीं येईल. वाटांवर, बाजारांत, तटालगत केर पडूं देऊं नये, आणि झाडलेला केर गडाखालीं न टाकतां जागोजाग जाळून त्याची राख परसांत घालावी, घरोघर भाजी करावी. धान्याच्या कोठारांत उंदीर-मुंगी शिरूं नये, दारूखाना घरांपासून दूर असावा. सुरुंग आणि तोफा यांच्या गोष्टींत हें भाजीचें परसूं अवचित भेटतें, आणि आम्हांस तर सबंध प्रकरणांत तेंच अधिक आवडतें. गड म्हणजे नुसतें लढण्याचें ठिकाण नव्हे, तेथें बायकामुलांसह दिवस काढावयाचे आहेत, हें लिहिणारा क्षणभरहि विसरलेला नाहीं.

सपाटीवर बांधणाराचा हिशेब निराळा. १८०१ च्या सुमारास चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून विभक्त होऊन सांगलीस आले, त्यांनीं गणेशदुर्ग बांधला; तेथें कडा नव्हता, म्हणून सभोंवार खंदक आला. मात्र डोंगरी किल्ल्यांस जी भीति, ती त्यास नव्हती. गडाच्या शेजारीं दुसरा डोंगर नसावा, असल्यास सुरुंगांनीं फोडून कमी करावा, तें न साधल्यास तोहि बांधून गडाच्या ताब्यांत घ्यावा, असें अमात्यांनीं बजाविलें आहे.

कोयनेच्या खोऱ्यांतील वासोटा पाहिला म्हणजे या वाक्याचें मोल कळतें. आज बामणोलीहून शिवसागर जलाशय नावेनें ओलांडून, दाट रान तुडवीत तेथें जावें लागतें. इतका दुर्गम गड कोणी घेईल असें चढतांना वाटत नाहीं. माथ्यावर पोंचावें, तों पलीकडे जुना वासोटा उभा. मध्यें दरी, आणि उंची त्याची अधिक. १८१८ च्या एप्रिलांत छत्रपति प्रतापसिंहांचा परिवार वासोट्यावर असतां इंग्रजांनीं त्याच डोंगरावर तोफा चढविल्या. पाणी होतें, कडे होते, रान होतें. भडिमार सुरू झाला आणि गड लवकरच हातचा गेला.

अंगणांतील किल्ला बहुधा ओट्याच्या पायरीला खेटूनच असतो. पायरी किल्ल्याहून उंच. आणि तीवर बसून नेमका बालेकिल्ल्यावर खडा टाकणारें धाकटें भावंड घरोघर एक तरी असतेंच.