गाणाऱ्याची बिदागी : तबकडीपासून इंटरनेटपर्यंत

गोमंतकातील देवस्थानांची जुनी व्यवस्था ज्यांनी पाहिली किंवा वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे, त्यांस एक गोष्ट वेगळी सांगावयास नको. देवळात सनई वाजविणाऱ्यास, पखवाज धरणाऱ्यास, पालखीपुढे गाणाऱ्या कलावंतास काही ना काही नेमणूक असे. ही व्यवस्था निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. तिच्यात सेवेबरोबर पारतंत्र्यही होते. परंतु तिच्या मुळाशी एक तत्त्व होते. जो समाज गाणे ऐकतो, त्याने गाणाऱ्याचा योगक्षेम पाहावा, हे ते तत्त्व. आज गाणे आपल्या खिशातील यंत्रात आहे आणि गाणारा डोळ्यांसमोर नाही. अशा वेळी बिदागी कोणास द्यावयाची आणि ती कोणत्या मार्गाने, हा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर शोधावयाचे तर शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. गाणे संपताच गौहरजान यांनी आपले नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारले. त्याचे कारण व्यावहारिक होते. तबकड्या तयार होत त्या जर्मनीतील हॅनोव्हर शहरी; तेथील कारागिरांस गाणारी कोण हे कळावे, म्हणून ही घोषणा. आम्हांस मात्र तिच्यात एक खोल अर्थ दिसतो. गाणे गाणाऱ्यापासून प्रथमच वेगळे झाले, आणि त्याच क्षणी हे गाणे माझे आहे असे सांगण्याची गरज उत्पन्न झाली. १९०८ साली कलकत्त्यातच तबकड्यांचा कारखाना निघाला आणि जी बैठक राजेरजवाड्यांची, ती गावोगावच्या घरांत पोहोचली.

कायदा त्यामागून आला. १९१४ साली हिंदुस्थानात कॉपीराइटचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५७ साली नवा कायदा झाला आणि तो पुढील वर्षी अमलात आला. त्याचे मर्म सामान्य वाचकास एका उदाहरणाने कळेल. संत तुकोबांचा एखादा अभंग तबकडीवर ऐकताना आपण तीन वेगळ्या वस्तू ऐकत असतो. शब्द तुकोबांचे, त्यांवर कोणाचीही मालकी नाही. चाल एखाद्या संगीतकाराची. तिचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. आणि ध्वनिमुद्रण हे तिसरे. त्याचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे. ही मुदत पूर्वी पन्नास वर्षांची होती, ती १९९२ साली साठ झाली. देवाचे गाणे सर्वांचे, हे वचन खरे. पण ते पहिल्या थरापुरते खरे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

येथे एका गोमंतकीय स्वराची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. सूरश्री केसरबाई केरकर १८९२ साली फोंडा महालातील केरी गावी जन्मल्या आणि अल्लादियाखाँसाहेबांच्या कठोर तालमीत तयार झाल्या. त्यांनी मागे ठेवलेली ध्वनिमुद्रणे थोडी. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अंतराळात धाडली, तेव्हा त्यांच्यासोबत पृथ्वीचे संगीत म्हणून एक सोनेरी तबकडी दिली. तीत भारताचे म्हणून जे एकच गायन निवडले गेले, ते केसरबाईंची भैरवी. पण ती तबकडी तेव्हा बाजारात मिळत नव्हती. पुष्कळ शोधानंतर न्यूयॉर्क शहरातील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात तिच्या प्रती सापडल्या. याने ऑगस्ट-सप्टेंबरात निघाली आणि त्याच सप्टेंबरात केसरबाईंनी देह ठेवला. विचार करावयाजोगी गोष्ट अशी की, जे गाणे ताऱ्यांकडे जावयाचे होते ते पृथ्वीवर मिळविण्यास मोठ्या संस्थेलाही दुकाने धुंडाळावी लागली. तेथे सामान्य रसिकाची काय कथा!

ही दुर्मीळताच पुढे चोरवाटांची जननी झाली. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. एका घरात घेतलेली कॅसेट दहा घरांत उतरवून घेतली जाऊ लागली, आणि त्यात काही वावगे आहे असे कोणास वाटत नसे. १९९९ साली अमेरिकेत नॅपस्टर निघाले. त्यावर अनोळखी माणसे एकमेकांस गाणी फुकट देऊ लागली. न्यायालयाच्या आदेशाने २००१ साली ते बंद पडले. पण लोकांची इच्छा आदेशाने बंद पडत नसते. २००३ साली ॲपल कंपनीने आयट्यून्स या नावाने गाण्यांचे दुकान इंटरनेटवर उघडले आणि एक गाणे ९९ सेंटांस विकावयास ठेवले. लोकांनी ते आनंदाने विकत घेतले. याचा बोध स्पष्ट आहे. सरळ वाट रुंद आणि सोपी असली की बहुतेक माणसे सरळ वाटेनेच जातात.

त्यानंतर विकत घेण्याऐवजी वर्गणी भरून ऐकण्याची पद्धत आली. स्वीडनमधील स्पॉटिफाय २००८ साली सुरू झाले आणि २०१९ साली भारतात आले. आपल्याकडील सावन आणि गाना त्याच्या आधीच चालू होते. येथे श्रोता दरमहा वर्गणी भरतो, किंवा जाहिराती ऐकून फुकट ऐकतो. जमलेला पैसा गाणी किती वेळा ऐकली गेली त्या मानाने हक्कदारांस वाटला जातो. चित्रपट आणि दूरदर्शन-मालिका यांचीही व्यवस्था याच धर्तीवर झाली. ही कल्पना आपल्यास परकी वाटू नये. रेडिओ ऐकण्यासाठी टपालकचेरीत वार्षिक परवान्याचे पैसे भरणारी पिढी अजून आपल्यात आहे. प्रसारभारतीनेही आपल्या जुन्या-नव्या कार्यक्रमांसाठी वेव्हज नावाचे व्यासपीठ सुरू केले, आणि त्याचे उद्घाटन नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातच झाले.

मात्र वर्गणी भरली म्हणजे गाणाऱ्यास बिदागी पोहोचलीच, असे समजणे भोळेपणाचे होईल. हक्कदार म्हणजे पुष्कळदा कंपनी असे. कवी आणि संगीतकार एकदा रक्कम घेऊन आपले हक्क लिहून देत. १९९४ साली गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचा हक्क भारतीय कायद्यात प्रथम आला. २०१२ च्या दुरुस्तीने कवी आणि संगीतकार यांच्या मानधनाचा वाटा कायमचा लिहून घेता येणार नाही अशी तरतूद झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यांची बाजू मांडली होती. गायक-वादकांसही व्यापारी वापरातून वाटा मिळण्याची सोय त्याच दुरुस्तीत आहे. गौहरजान यांनी नाव पुकारल्यापासून या न्यायास एकशेदहा वर्षे लागली.

जे मुक्त झाले आहे, तेही आमच्या वाचकांस ठाऊक असावे. मंगेशीचे मास्टर दीनानाथ १९४२ साली निवर्तले. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांची मुदत भारतात केव्हाच संपली. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा. तो चित्रपटही मुक्त आहे. कोकणी 'आमचें नशीब' १९६३ चा. त्याच्या चित्रपट म्हणून असलेल्या हक्काची मुदत २०२३ अखेर संपली, जरी त्यातील शब्द आणि चाली यांचा हिशेब स्वतंत्र राहतो. असा ठेवा कोणी मोकळेपणाने ऐकवला तर ती चोरी नव्हे. तो वारसा आहे.

शेवटी देवळाची गोष्ट. खऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गाणे म्हटले वा ध्वनिमुद्रण वाजविले, तर तो कॉपीराइटचा भंग नाही, असे आपला कायदा सांगतो. विवाहाची मिरवणूक आणि विवाहाशी निगडित समारंभ यांचाही तेथे उल्लेख आहे. या सवलतीचा पल्ला किती, यावरून वाद झाले. गोवा शासनाने जानेवारी २०२४ मध्ये तिच्याविषयी परिपत्रक काढले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाने ते रद्द केले. तेव्हा आरतीच्या वेळची ध्वनिफीत वेगळी आणि जत्रेच्या रात्री करमणुकीसाठी लावलेला वाद्यवृंद वेगळा, हा विवेक देवस्थानांच्या समित्यांनी राखावा. दुसऱ्या प्रसंगी परवाना घ्यावा आणि तो खर्च देणगीच्या हिशेबात उघडपणे दाखवावा.

पूर्वी बिदागी हातात ठेवली जाई, तेव्हा देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची नजर भिडे. आता ती नजर उरली नाही. मधे यंत्र आहे, कंपनी आहे, कायद्याची कलमे आहेत. म्हणूनच ऐकणाऱ्याच्या मनातील जाणीव अधिक जागी हवी. देवापुढील सनईवाल्यास रिकाम्या हाताने परत पाठविणे आपल्या पूर्वजांस कधी शोभले नाही. न दिसणाऱ्या गाणाऱ्यास तसे पाठविणे आपल्यासही शोभणार नाही.