मनगटावरचे वाद्य

वादक हात वर उचलतो आणि स्पीकरमधला स्वर चढतो. मनगट वळवतो, स्वर घोगरा होतो. हातात वाद्य म्हणून काहीच नाही, मनगटावर फक्त स्मार्टवॉच. घड्याळ हाताची चाल मोजते, ते आकडे बिनतारी मार्गाने संगणकाला मिळतात आणि संगणक त्यांतून आवाज घडवतो. हे सारे आजचे वाटते खरे, पण हवेत हात फिरवून वाजवण्याची कल्पना शंभर वर्षांची आहे.

१९२०च्या सुमारास रशियात लेव तेर्मेन या शास्त्रज्ञाने थेरेमिन बनवले. उजवा हात उभ्या अँटेनाजवळ नेला की स्वर चढे, डावा हात आडव्या कडीजवळ नेला की आवाज लहान होई. आपला घुमटवादकही एका हाताने चामड्यावर थाप देतो आणि दुसऱ्याने मडक्याचे उघडे तोंड झाकत नाद घडवतो. कामाची वाटणी तशीच, पण तेर्मेनने स्पर्शच काढून टाकला. ना तार, ना पट्टी. मग स्वर सापडावा कुठे? हाताच्या दुखण्यामुळे व्हायोलिन सोडावे लागलेल्या क्लारा रॉकमोरने हवेतच बोटांच्या जागा ठरवल्या आणि रियाजाने त्या पक्क्या केल्या. एका नवलाईच्या यंत्राला तिने मैफलीत नेऊन बसवले.

१९८३ साली मिडी ही पद्धत आली. वाजवणे एकीकडे आणि आवाज निर्माण होणे दुसरीकडे, अशी फारकत झाली. मधून जातात ते फक्त आकडे, बहुधा ० ते १२७ यांमधले. लगेच १९८४ मध्ये आम्स्टरडॅमच्या मिशेल वायस्वित्सने दोन्ही हातांत अडकवायची 'द हँड्स' ही साधने रंगमंचावर आणली. १९९१ मध्ये लेटिशिया सोनामीने स्वयंपाकघरातल्या रबरी हातमोज्यांना संवेदक लावून 'लेडीज ग्लव्ह'ची सुरुवात केली.

त्या काळी असे साधन हाताने जुळवावे लागे. २०१५ मध्ये अ‍ॅपल वॉच बाजारात आले, त्याच वर्षी ब्लूटूथवरून मिडी पाठवण्याचे प्रमाणही ठरले. घड्याळात सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा स्प्रिंगांवर झुलत असतो. हात हलला की तो किंचित मागे राहतो, तो फरक विजेच्या रूपात मोजला जातो. दोन्ही हात गुंतलेल्या गिटारवादकाला मनगटाच्या झटक्याने आवाजाचा पोत बदलता येतो. घड्याळ त्वचेवर कंप देऊ शकते. तेर्मेनने काढून घेतलेला स्पर्श त्यातून थोडाफार परत मिळतो.

अडचणीही आहेत. बिनतारी संदेश क्षणभर जरी उशिरा पोचला तरी ताल घसरतो. वादकाने केस मागे सारले तर त्याचाही स्वर होतो. कोणती हालचाल वादनाची आणि कोणती नुसती हाताची, हे यंत्राला शिकवावे लागते.

पण खरा प्रश्न आयुष्याचा आहे. वायस्वित्सने एका टप्प्यावर यंत्रात सुधारणा करणे थांबवले आणि तो नुसता वाजवत राहिला. सोनामी तो हातमोजा वीसहून अधिक वर्षे वाजवत होती. घड्याळ मात्र काही वर्षांत जुने ठरते. प्रणाली बदलते, अ‍ॅप चालेनासे होते. हातात बसलेली सवय मग कुठे ठेवायची? वाद्य कारखान्यात पुरे होत नाही, ते वादकाच्या हातात वर्षानुवर्षे मुरते. घड्याळाला तेवढा काळ मिळाला, तरच त्याचे वाद्य होईल.