शमुवेल : एका नांवाची कुळकथा

इब्री लोकांत मुलाचें नांव हें नुसतें हांक मारण्याचें साधन नसे. पुष्कळदां तें एक लहानसें वाक्यच असे. ‘एल्’ म्हणजे देव. हा शब्द शेवटीं जोडून दानीएल, इश्माएल अशीं नांवें सिद्ध झालीं. शमुवेल हें त्यांच्याच कुळांतलें. मात्र त्याची फोड पंडितांना सहजासहजीं करतां आलेली नाहीं.

जुन्या करारांत या नांवाची जन्मकथा आली आहे. एलकाना नामक गृहस्थाला दोन बायका. पनिन्नेला मुलेंबाळें होतीं. हन्नेची कूस रिती. सवत तिला टोंचून बोले. शिलो येथील देवस्थानीं हन्नेनें मनांतल्या मनांत नवस केला. ओंठ तेवढे हलत, शब्द ऐकूं येईना. तेव्हां एली याजकाला वाटलें, बाई मद्य प्यालेली आहे! पुढें तिला मुलगा झाला, आणि परमेश्वराजवळ मागून घेतलेला म्हणून तिनें त्याचें नांव शमुवेल ठेविलें.

आतां मौज अशी कीं, इब्रींत ‘मागणें’ याचा धातु ‘शाअल’, आणि ‘मागितलेला’ म्हणजे ‘शाऊल’. हें तर इस्राएलाच्या पहिल्या राजाचें नांव. त्याला अभिषेक केला तो याच शमुवेलानें. यावरून ही कथा मूळची त्या राजाच्या जन्माची असावी, असा तर्क कांहीं विद्वानांनीं केला. तर्क चतुर खरा. पण कथेचा पुढील सारा ओघ शमुवेलाकडेच जात असल्यामुळें तो मनाला पटत नाहीं. ‘देवानें ऐकलें’ असाही एक अर्थ सांगतात. परंतु ‘ऐकणें’ या धातूंतील ‘अयिन’ हा कंठांतला वर्ण इश्माएल या नांवांत टिकला आहे, शमुवेलांत तो नाहीं. ‘शेम’ म्हणजे नांव; तेव्हां ‘देवाचें नांव’ हीच फोड अधिक सरळ दिसते. कथेंतील व्युत्पत्ति नादसाम्यावर उभारलेली आहे, आणि यास्काच्या निरुक्ताशीं परिचय असणारांस ही रीत नवी वाटूं नये.

ग्रीक भाषेंत ‘श’ नसल्यामुळें युरोपांत या नांवाचा सॅम्युएल झाला. कोंकणांत त्याची गति निराळी. कुलाबा जिल्ह्यांतील बेने इस्राएल, ज्यांना शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून शनवार तेली म्हणत, ते इब्री भाषा विसरले होते. ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी त्यांच्या मुखीं राहिली. आणि ‘शेमा’ म्हणजे ‘ऐक’! नांवें मात्र त्यांनीं सोडलीं नाहींत, मराठी पेहराव चढवून जपलीं. शमुवेलाचा सामाजी झाला. त्यांत शेवटचा ‘एल्’, म्हणजे प्रत्यक्ष देवच, गळला आणि त्याच्या जागीं आपला ‘जी’ येऊन बसला.

कंपनीच्या पलटणींतील सामाजी हसाजी दिवेकर हा असाच एक शमुवेल. दुसऱ्या म्हैसूर युद्धांत तो टिपूच्या कैदेंत पडला होता. सुटून आल्यावर त्यानें १७९६ सालीं मुंबईंत मांडवी भागांत बेने इस्राएलांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. त्याला ‘शाअर हारहमीम’, म्हणजे दयेचें द्वार, असें इब्री नांव मिळालें. शेजारपाजारचे लोक त्यास ‘जुनी मशीद’ म्हणूं लागले, आणि तेथील रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट हें नांव पडलें.