हलक्या विमानांच्या जुन्या इंधनटाक्या व त्यांची दुरुस्ती : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
विमानविद्येचा इतिहास बहुधा शोध आणि विक्रम यांच्या अंगाने लिहिला जातो. तयार झालेले विमान पुढे चाळीस-पन्नास वर्षे उडते ठेवण्यासाठी पडणाऱ्या श्रमांची नोंद त्यात क्वचितच आढळते. अमेरिकेतील हलक्या विमानांच्या इंधनटाक्यांची दुरुस्ती हे याचे बोलके उदाहरण होय. एका उद्योगाच्या पडझडीमुळे या कामाला विशेष महत्त्व आले.

टाक्यांचे स्वरूप :
दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे इंधन साठविण्याच्या तीन पद्धती प्रामुख्याने दिसतात. पायपर चेरोकीमध्ये ॲल्युमिनियमची सुटी टाकी पंखात स्क्रूंनी बसविलेली असे. सेसना १८२ च्या अनेक विमानांत रबरी पिशवी असे. १९६१ पासून धातूचे पंख घेऊन आलेल्या मूनी एम-२० मध्ये मात्र पंखाच्या पोकळीचेच सांधे बुजवून तीत पेट्रोल भरले जाई. त्यामुळे वजन वाचले. परंतु सारी भिस्त सांध्यांवरील लेपावर आली.

हा लेप पॉलिसल्फाइड रबराचा. १९२६ मध्ये कॅन्सस सिटीत जोसेफ पॅट्रिक व नाथन म्नूकिन हे गोठणरोधक द्रव बनवू पाहत होते. हाती आला तो उग्र दर्पाचा चिकट गोळा. तो द्रावकांना दाद देत नसे, आणि हाच त्याचा गुण ठरला. १९४० च्या दशकात त्याचे द्रवरूप तयार झाल्यावर विमानांच्या टाक्यांना तो लावता येऊ लागला.

उद्योगाची घसरण :
१९७८ मध्ये अमेरिकेत १७,८११ हलकी विमाने तयार झाली. १९९४ मध्ये अवघी ९२८. अपघातांच्या नुकसानभरपाईचे दावे व विम्याचा बोजा ही कारणे उत्पादकांनी पुढे केली. सेसनाने १९८६ मध्ये पिस्टन इंजिनाची छोटी विमाने बनविणे थांबविले, ते १९९६ पर्यंत. साहजिकच जुनी विमाने उडत राहिली आणि त्यांतील लेप म्हातारा होत गेला.

गळती व दुरुस्ती :
पंखाखाली उमटणारा निळा डाग ही गळतीची पहिली खूण. तेथील प्रचलित विमान-पेट्रोलला निळा रंग दिलेला असतो. पेट्रोल उडून जाते, रंग मागे राहतो. मात्र डाग जेथे दिसतो तेथेच छिद्र असते असे नाही, कारण इंधन सांध्यासांध्यांतून दूरवर झिरपते. खरे कष्ट लेप लावण्यात नसून जुना लेप काढण्यात आहेत. टाकी रिकामी करून, तीत हवा खेळवून, तपासणी-झाकणाच्या अरुंद तोंडातून हात घालून तो खरवडावा लागतो. त्यासाठी प्लास्टिकची वा लाकडी पट्टी वापरतात. पोलादी हत्याराने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात. मग द्रावकाने पुसून दोन घटकांचा नवा लेप रिव्हेटांवर व सांध्यांवर चढवितात. जुन्यावर नवे थापण्याचा सोपा मार्ग अनेकांनी पत्करला. तो फार काळ टिकत नाही, कारण खालचा लेपच सुटलेला असतो.

रबरी पिशव्यांचा दोष निराळा होता. पिशवीला सुरकुती पडली की तिच्या मागे पाणी अडते. उड्डाणापूर्वी निचरा-झडपेतून घेतलेला नमुना स्वच्छ दिसतो, आणि विमानाने नाक वर केल्यावर तेच पाणी इंजिनाकडे जाते. जमीन सोडताच इंजिन बंद पडणे म्हणजे वैमानिकाला विचार करण्यासही अवधी न मिळणे. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने १९८४ मध्ये सेसनाच्या अशा पिशव्यांची तपासणी सक्तीची केली. तरीही मूनीच्या काही मालकांनी लेपाच्या कटकटीला कंटाळून, वाढीव वजन सोसून, आपल्या पंखांत रबरी पिशव्याच बसवून घेतल्या.